‘सर्टिफिकेट’ म्हणजे नक्की कोणते? पर्यावरणाचे अभ्यासक्रम आणि आपला धंदा

चाकण किंवा भोसरीच्या कंपनीच्या गेटवर भंगाराची गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या बांधवाला पूर्वी दोनच प्रश्न विचारले जात. भाव काय देणार आणि गाडी कधी लावणार. आता तिसरा प्रश्न आधी येतो, ‘सर्टिफिकेट आहे का?’ प्लेटिंगवाल्याला तोच प्रश्न, पावडर कोटिंगवाल्याला तोच, रिकामे ड्रम उचलणाऱ्यालाही तोच. आणि घरी बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेली मुलगी किंवा मुलगा असेल तर जाहिरातीतून आणखी एक सर्टिफिकेट समोर येते. पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयाचा पदवीनंतरचा छोटा अभ्यासक्रम. वडिलांना वाटते, मुलाने हे सर्टिफिकेट घेतले की गेटवरचा प्रश्न मिटला. प्रश्न असा मिटत नाही. मात्र मुलाने हा अभ्यास केला तर धंद्याला फार मोठा आधार मिळू शकतो. या दोन गोष्टींतला फरक समजून घेणे हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम कागद वेगळे करू. बाजारात ‘सर्टिफिकेट’ या एकाच नावाने किमान चार निरनिराळे कागद फिरत आहेत.

पहिला कागद सरकारी परवानगीचा. जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगाला संमतिपत्र देते. एक कारखाना उभारण्यापूर्वी, दुसरे तो चालविण्यासाठी. शिवाय घातक कचरा निर्माण होत असेल, साठवला जात असेल किंवा त्यावर प्रक्रिया होत असेल तर २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांखाली वेगळे प्राधिकारपत्र लागते. हा कागद माणसाला मिळत नाही. तो त्या जागेला आणि त्या कामाला मिळतो. जागा बदलली की कागद नवा.

दुसरा कागद आयएसओ १४००१ चा. हे मानक १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि मोठ्या वाहन कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे ते मागू लागल्या. हे सर्टिफिकेट आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच देत नाही. ते खाजगी प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला मान्यता आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आपली. चार दिवसांत, कोणीही कारखाना न पाहता मिळालेला आयएसओचा कागद भिंतीवर शोभतो. कंपनीचा तपासनीस आला की त्याचा उपयोग होत नाही.

तिसरा कागद सर्वांत नवा आणि आपल्या लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेला. प्लास्टिक, बॅटरी, इलेक्ट्रॉनिक वस्तू, वंगणतेल बनविणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपन्यांवर आता कायद्याने जबाबदारी टाकली आहे की, बाजारात टाकलेल्या मालाच्या ठराविक हिश्श्याचे पुनर्चक्रीकरण झाले पाहिजे. ते झाल्याचे प्रमाणपत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरच्या नावे तयार होते आणि कंपनी ते त्याच्याकडून पैसे देऊन विकत घेते. म्हणजे हा कागद स्वतःच एक विक्रीचा माल आहे.

चौथा कागद शिक्षणाचा. विद्यापीठ किंवा संस्था विद्यार्थ्याला देते तो. हा माणसाच्या नावावर असतो, आयुष्यभर राहतो, पण त्याने गाळ्याला परवानगी मिळत नाही.

आता या चौथ्या कागदाकडे जरा सविस्तर पाहू.

परदेशात ज्याला ‘ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ म्हणतात तो पदवीनंतरचा लहान अभ्यासक्रम असतो. अमेरिकेत साधारणपणे चार ते सहा विषय असतात आणि पुढे पूर्ण मास्टर्स करायचे ठरले तर अनेक ठिकाणी हे विषय त्यात धरले जातात. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ केला तर तो सुमारे अर्ध्या वर्षाचा असतो. नोकरी किंवा धंदा सांभाळून शिकणाऱ्यासाठी ही पद्धत सोयीची, म्हणून ती वाढली. आपल्याकडे याच जागी पदव्युत्तर पदविका, म्हणजे एक वर्षाचा डिप्लोमा, आणि काही सहा महिन्यांचे सर्टिफिकेट कोर्स आहेत.

पुणे परिसर या बाबतीत मागासलेला नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून काम करीत आहे. तिचे संस्थापक संचालक डॉ. इराक भरुचा यांनीच विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पर्यावरणाचे पाठ्यपुस्तक लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली दिलेल्या आदेशानंतर, आणि पुन्हा २००३ मध्ये ताकीद दिल्यानंतर, पदवीच्या सर्व शाखांना हा विषय सक्तीचा झाला. म्हणजे त्यानंतर पदवी घेतलेल्या आपल्या बहुतेक मुलामुलींनी ‘पर्यावरण’ हा पेपर दिलेलाच आहे. बहुतेकांनी तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून दिला, हेही खरे! प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यात स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीनेही पदवीधरांसाठी निसर्ग व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालविला. दूरशिक्षणाने शिकायचे असेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पर्यावरण व शाश्वत विकास या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि त्या विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. ज्यांना आधी चव घेऊन पाहायची आहे त्यांनी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर घनकचरा, सांडपाणी, औद्योगिक प्रदूषण या विषयांवरील तज्ज्ञ प्राध्यापकांची व्याख्याने ऐकावीत. शिकणे मोफत आहे, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवे असेल तरच शुल्क.

सर्व अभ्यासक्रम आपल्या उपयोगाचे नाहीत, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. काही जंगल आणि जैवविविधतेवर भर देतात, काही शिक्षकांसाठी असतात, काही मोठ्या कंपन्यांच्या अहवाललेखनासाठी. विषय उत्तम आहेत, पण भोसरीच्या गाळ्यात प्लेटिंगची टाकी असणाऱ्याच्या घरातून शिकायला जाणाऱ्याने विषयपत्रिकेत चार गोष्टी शोधाव्यात. सांडपाण्यावरील प्रक्रिया, घातक कचऱ्याचे व्यवस्थापन, पर्यावरणाचे कायदे आणि पर्यावरण लेखापरीक्षण. या चारपैकी तीन नसतील तर दुसरीकडे पाहावे.

शिक्षणाने प्रत्यक्ष काय फरक पडतो, ते क्रोम प्लेटिंगच्या उदाहरणावरून पाहू. प्लेटिंगनंतर माल ज्या पाण्यात धुतला जातो ते पिवळे होते. हा पिवळेपणा षट्संयुजी क्रोमियमचा. हा पदार्थ अंगाला, श्वासाला आणि पाण्याला विषारी आहे आणि त्यापासून कर्करोग होतो. नदीनाल्यात सोडण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. आपले जुने कारागीर काय करतात? चुना टाकतात. चुन्याने आम्लता जाते, इतर धातूंचा काही गाळ बसतो, आणि मालक समजतो काम झाले. परंतु षट्संयुजी क्रोमियम चुन्याने खाली बसत नाही! पाणी पिवळेच राहते. आधी पाणी आम्लधर्मी करून, सामू दोन ते तीनच्या दरम्यान आणून, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालावे लागते. तेव्हा षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम बनते आणि पिवळा रंग जाऊन हिरवट रंग येतो. त्यानंतर चुना किंवा कॉस्टिक घालून सामू आठ-नऊपर्यंत नेला की गाळ खाली बसतो. रसायने जवळजवळ तीच, क्रम चुकला की खर्चही वाया आणि पाणीही विषारी. तीस वर्षे टाकीवर उभ्या असलेल्या कारागिराच्या हातात कसब आहे, पण हा क्रम का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिकलेला मुलगा ते कारण सांगू शकतो, आणि म्हातारा कारागीर त्याला पाण्याचा रंग नेमका कधी वळतो ते दाखवू शकतो. दोघांनी एकमेकांचे ऐकले पाहिजे, एवढेच. मुलाने पुस्तक घेऊन चाचांना शिकवायला जाऊ नये, आधी टाकीजवळ आठवडाभर उभे राहावे.

खाली बसलेला हा गाळ पुन्हा घातक कचराच. तो पोत्यात भरून कंपाउंडच्या मागे टाकता येत नाही. पुणे जिल्ह्यातील उद्योगांच्या अशा कचऱ्यासाठी रांजणगाव औद्योगिक वसाहतीत सामाईक प्रक्रिया व विल्हेवाट केंद्र आहे. कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाही, त्याची नोंदवही नमुना ३ मध्ये ठेवावी लागते, गाडीबरोबर नमुना १० चा मॅनिफेस्ट द्यावा लागतो आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत नमुना ४ मध्ये मागील आर्थिक वर्षाचे विवरणपत्र मंडळाकडे भरावे लागते. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. जीएसटीची विवरणे भरणाऱ्या घराला हे जड नाही. पण ते कोणी तरी बसून, समजून भरले पाहिजे, आणि आज बहुतेक ठिकाणी ते काम बाहेरचा सल्लागार करतो. मालक जिथे सांगेल तिथे सही करतो. सहीखाली काय लिहिले आहे ते त्याला माहीत नसते, आणि चूक निघाली तर दंड मात्र सही करणाऱ्याला. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ मध्ये बदल होऊन अनेक गुन्ह्यांवरील तुरुंगवासाची जागा १० हजार ते १५ लाख रुपयांच्या दंडाने घेतली आहे. तुरुंगाची भीती गेली म्हणून काही जण खूष झाले. लहान गाळेवाल्याला पंधरा लाख म्हणजे काय, याचा त्यांनी विचार करावा.

ड्रमवाल्यांचेही तसेच. रसायनाचा रिकामा ड्रम आपल्या लेखी ‘रिकामा’ असतो. नियमांच्या अनुसूची १ मध्ये नोंद ३३.१ खाली रसायनाने माखलेले रिकामे पिंप, डबे व पिशव्या घातक कचरा म्हणून लिहिलेले आहेत. तेलाने माखलेल्या चिंध्या ३३.२ खाली, वापरलेले तेल ५.१ खाली, सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ ३५.३ खाली. हे आकडे कंपनीच्या स्टोअरकीपरला पाठ असतात, माल उचलणाऱ्या आपल्या माणसाला नसतात. म्हणून कंपनी आपली जबाबदारी कागदावर झटकून मोकळी होते आणि आपला माणूस कमी भावात माल मिळाला म्हणून आनंदाने ती डोक्यावर घेतो.

आता दुखऱ्या जागेकडे येऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी भागात चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. भंगाराची गोदामे, लहान कारखाने, वर्कशॉप, पत्र्याच्या शेडच्या शेड काही दिवसांत जमीनदोस्त झाल्या. विनापरवाना बांधकामे, वारंवार लागणाऱ्या आगी, हवा आणि इंद्रायणीचे प्रदूषण ही कारणे देण्यात आली. त्यात आपल्या समाजातील हजारो हातांची रोजी होती. वर्षानुवर्षे ज्या मालावर शहराच्या मोठ्या कारखान्यांचे अंगण स्वच्छ राहिले, तो माल उचलणाऱ्यांना पर्यायी जागा न देता उठविणे न्याय्य होते का, हा प्रश्न आहेच आणि तो विचारत राहिले पाहिजे. पण लेखाच्या विषयापुरते प्रामाणिकपणे सांगायचे तर, कोणत्याही अभ्यासक्रमाच्या सर्टिफिकेटने ती शेड वाचली नसती. बांधकामाला परवानगी नाही, जमिनीचा वापर औद्योगिक नाही, म्हणून मंडळाचे संमतिपत्र मिळणे कठीण, आणि संमतिपत्र नाही म्हणून रिसायकलर म्हणून नोंदणी नाही. अशी ती साखळी आहे. पहिली कडी जागेची आहे. म्हणून आज चाकण, मोशी किंवा आणखी कोठे जागा पाहणाऱ्याने भाड्याचा करार करण्यापूर्वी जमिनीचा झोन आणि बांधकाम परवानगी पाहावी, मग भावाचे बोलावे. एकट्याला औद्योगिक वसाहतीतील गाळा परवडत नसेल तर चार-पाच जणांनी भागीदारीत घ्यावा. हे बोलायला सोपे आणि करायला अवघड आहे याची कल्पना आहे, पण एकेकट्याने पत्रा ठोकून बसण्याचे दिवस गेले.

शिकलेला माणूस या साखळीत कोठे बसतो? कायदा भंगार गोळा करणाऱ्याला वगळून रिसायकलरला पुढे आणतो आहे, ते ओळखण्यात. ई-कचऱ्याचे उदाहरण घ्या. २०१६ च्या नियमांत सुटे भाग करणाऱ्याला, म्हणजे डिसमँटलरला, स्वतंत्र स्थान होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत नोंदणी फक्त निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करून पुन्हा विकणारा आणि रिसायकलर या चौघांची. डिसमँटलर हे नावच गेले. ज्याने नियम वाचले त्याने दुरुस्तीदार म्हणून किंवा मोठ्या रिसायकलरशी करार करून जागा शोधली, ज्याने नाही वाचले तो अजून जुनाच कागद दाखवतो आहे. उलट वापरलेल्या तेलाच्या बाबतीत १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदींत तेल गोळा करणाऱ्या एजंटलाही नोंदणीची वाट ठेवली आहे. हायवेच्या कडेला गॅरेजमधून तेल उचलणाऱ्या आपल्या बांधवांनी याची चौकशी जरूर करावी. बॅटरीचे नियम २०२२ चे, जुन्या वाहनांचे नियम १ एप्रिल २०२५ पासूनचे. एवढे नियम भराभर बदलत असता घरात एक तरी माणूस ते मुळातून वाचणारा हवा.

दुसरे एक काम नव्याने आले आहे, कार्बनचा हिशेब. सेबीने शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. युरोपने लोखंड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम अशा मालावर कार्बनचा सीमाकर आणला. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती मागितली जात होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. पोलादी नटबोल्टसुद्धा त्यात येतात. म्हणून निर्यात करणारी कंपनी आपल्या जॉबवर्कवाल्याला विचारते, तुमच्या मालामागे कार्बन किती? ऐकायला मोठे वाटते, हिशेब मात्र दुकानदारीचा आहे. समजा महिन्याला विजेचे ३,००० युनिट जळले. आपल्याकडील विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे २,१०० किलो. जनरेटरला १०० लिटर डिझेल लागले, लिटरमागे सुमारे २.७ किलो, म्हणजे २७० किलो. एकूण २,३७० किलो. महिन्याला २० टन माल केला असेल तर किलोमागे सुमारे १२० ग्रॅम. लाईट बिल आणि डिझेलच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या कोणालाही हा हिशेब काढता येईल. यात वाहतूक कशी धरायची, कच्च्या मालाचे काय करायचे, हे पुढचे बारकावे अभ्यासक्रमात शिकवतात. पण एवढे जरी उत्तर वेळेवर पाठवले तरी खरेदी अधिकाऱ्याच्या लेखी आपण इतरांहून वेगळे ठरतो.

नोकरीच्या दृष्टीनेही पाहावे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये पर्यावरण लेखापरीक्षण नियम आणले असून त्यात चार्टर्ड अकाउंटंटप्रमाणे नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षकांची कल्पना आहे. अनुभव व पात्रता किंवा राष्ट्रीय परीक्षा या वाटांनी ते होता येईल. ऊर्जा वाचविण्याच्या क्षेत्रात ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा तर आधीपासून आहे, ती अभियंत्यांच्या उपयोगाची. आपल्या मुली आज मोठ्या संख्येने पदवीधर होत आहेत. नोंदवह्या, विवरणपत्रे, पोर्टल, प्रयोगशाळेतील पाण्याची तपासणी ही कामे त्या उत्तम करू शकतात. वडिलांच्या गाळ्याचे काम हाती घेतलेली मुलगी शेजारच्या दहा गाळ्यांचेही काम फी घेऊन करू शकेल. मुलीला एवढे शिकवून मग घरी बसवायचे, यात कोणाचे भले होते, याचा विचार आईबापांनी करावा.

पदवी नसलेल्यांनी हिरमुसू नये. हरित रोजगारासाठीचे कौशल्य मंडळ २०१५ पासून आहे आणि सांडपाणी प्रक्रियेचा ऑपरेटर, कचरा वर्गीकरण अशा कामांचे छोटे अभ्यासक्रम त्याच्या मानकांप्रमाणे चालतात. वर्षानुवर्षे काम केलेल्या कारागिराला त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याचीही सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे.

प्रवेश घेताना सावधगिरी बाळगावी. दूरशिक्षण किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे आयोगाच्याच यादीत पाहावे, एजंटच्या पत्रकावर नव्हे. परदेशी संस्थेचा अभ्यासक्रम डॉलरमध्ये फी घेतो, त्याचा मान बहुराष्ट्रीय कंपनीत असू शकतो, पण प्रदूषण मंडळाच्या टेबलावर त्याने कोणताही हक्क मिळत नाही. ‘कोर्स करा आणि ईपीआरचे लायसन्स मिळवा’ असे कोणी सांगत असेल तर तेथून उठावे. फीची अडचण असेल तर राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक योजनांची चौकशी करता येते. व्याजामुळे ज्यांना कर्ज नको त्यांनी मुक्त विद्यापीठाचा मार्ग धरावा, तेथे फी बरीच कमी असते, किंवा जमातीच्या शैक्षणिक निधीकडे जावे. आपल्या बहुतेक जमातींचा निधी अजून डॉक्टर-इंजिनिअर यांच्यापुरताच विचार करतो. एखाद्या वर्षी दोन मुलांना या विषयासाठी मदत द्यावी, अशी सूचना विश्वस्तांपुढे मांडायला हरकत नाही.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा सदका आहे, हे आपण मक्तबात शिकलो. वाहत्या नदीकाठीसुद्धा पाण्याची उधळपट्टी नको, ही शिकवणही आपल्याला परकी नाही. भंगाराचा धंदा मुळात हेच काम करतो, दुसऱ्याने टाकलेले उचलून पुन्हा उपयोगात आणतो. मात्र उचललेल्यापैकी जे विकले जात नाही ते रात्री नाल्यात गेले तर त्या रोजीविषयी आपल्यालाच प्रश्न पडला पाहिजे. पवना आणि इंद्रायणीचे पाणी खालच्या गावांतही कोणी तरी पितेच.

विद्यापीठांचे आणि मुक्त विद्यापीठाचे प्रवेश साधारणपणे उन्हाळ्यानंतर सुरू होतात, मुक्त विद्यापीठात जानेवारीतही एक फेरी असते. अर्ज करण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला आपल्या गाळ्याची फाईल हातात द्यावी. संमतिपत्र कोणत्या तारखेला संपते, त्यात कोणत्या अटी लिहिल्या आहेत, मागच्या ३० जूनचे विवरणपत्र भरले होते की नाही, आणि शेवटचा गाळ कोणत्या गाडीने, कोणत्या मॅनिफेस्टवर गेला, एवढे शोधून काढायला सांगावे. फाईल सल्लागाराकडे असेल तर आधी ती परत मागवावी.